टिंबाएवढं

खिडकी उघडते. हिरव्या पानाचं चित्र,
खाली सरकणारी पट्टी. एकोणसाठ, साठ, एकसष्ट,
आणि मग काहीच नाही.
चूक नाही, माफी नाही, साधी घंटीसुद्धा नाही;
पाहुणा उंबऱ्यापर्यंत यावा
आणि चपला न काढताच परत जावा, तसं.

रिझेच्या वर, डोंगरात, चहा-खरेदीच्या टपरीत
सकाळपासून हे मी एकवीस वेळा पाहिलंय.
बाहेर तारेवरून गाठोडी उतरताहेत.
कोंडलेलं पान तापतं,
तासाभरानं आत हात घालवत नाही.
"गुल्तेन, तुझं यंत्र उठलं का?" हायरुल्लाह विचारतो.
वजनं तो वहीत उतरवतो,
मधल्या वेळात पेन्सिल कानावर.

गेंटहून योरिस कळवतो: माझ्याकडे चालतंय.
चालणारच. त्याच्याकडे सगळंच चालतं.
मी पुन्हा बसवते. फोल्डर मोजते,
परवानग्या, आवृत्त्या, वाटा तपासते,
एकेक चित्र हातानं उघडून बघते.
सगळी जागच्या जागी, पंगतीला बसल्यासारखी.
तरी हा म्हणतो, सापडत नाही.
डोळ्यासमोरचं सापडत नाही म्हणणाऱ्या माणसाशी
सात वर्षं संसार केलाय मी. सवय आहे.

दुपारी नोंदींच्या फाइलमध्ये, शेवटून तिसऱ्या ओळीत
ते नाव दिसतं. वाचते.
चष्मा पुसून वाचते.
'आयकॉन'च्या पहिल्या अक्षरावर टिंब नाही.

योरिसनं नाव थोरल्या अक्षरांत लिहिलं होतं
आणि प्रोग्रामला बजावलं होतं: धाकटं करून घे, मग शोध.
त्याच्या गावात ती उभी रेघ धाकटी झाली
की डोक्यावर टिंब घेऊन येते.
आमच्याकडे त्या दोघी बहिणी,
एक टिंबाची, एक उघड्या डोक्याची,
आणि कुणी कुणाचं काही घालत नाही.
पहिलीत बाईंनी बोटांवर पट्टी मारून शिकवलेलं:
टिंब नसेल तर तो शब्द म्हणजे सीमा,
टिंब दिलं की चीड.
हा संगणक तुर्की, बाईंचा हुशार विद्यार्थी.
त्यानं नियमानं धाकटं केलं, नियमानं शोधलं,
त्या नावाचं घरात कुणी नव्हतं,
मुकाट मेला.
ध चा मा करायला कुणी आनंदीबाईही लागली नाही.

उपाय एका शब्दाचा.
प्रोग्रामला सांगायचं: अक्षरं बदलताना
तू कुठल्याच देशात नाहीस.
तुला शाळा नाही, बाई नाहीत, पट्टी नाही.
लिहिताना बोट क्षणभर अडलं.
पण पानं तापत होती.
तो शब्द मी सगळीकडे चिकटवून टाकला.

बासष्ट. त्र्याऐंशी. शंभर.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, रांग हलली इतकंच.

नाझिये पहिली. एक्केचाळीस किलो,
पान ओलं म्हणून तीन वजा,
त्यावरून भांडण, ते रोजचंच.
पावती निघाली. तिनं लांब धरली, जवळ धरली.
"हे कुणाचं नाव?"

थोरल्या अक्षरांत तिचंच. पण मधली रेघ उघडी.
आमच्यात थोरलीच्याही डोक्यावर टिंब असतं.
ते मी दुपारी तीनच्या सुमारास पुसलं होतं,
तिचं, आणि रांगेतल्या कितीजणींचं.

"उद्या नीट करते," मी म्हटलं.
"उद्याचं उद्या."
तिनं हायरुल्लाहच्या कानावरची पेन्सिल काढली,
जिभेला लावली,
पावती माझ्या लॅपटॉपवर टेकवली
आणि टिंब दिलं. जरा जोरात.
कागदाला भोक पडलं.

मागून कुणीतरी पेन्सिल मागितली.